वाहत्या फलजांच्या मागावर: ओमान, जानेवारी 2023

शनिवार, 14 जानेवारी. रुवी, मस्कत

कामाचा हेतू आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचा आठवडा भटकंतीत वाहून जाणार नाही. औरंगाबादची नहर-ए-अंबरी आम्ही मोजतो आहोत. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. बोगदा अजून बराचसा शाबूत आहे. काही भागांत पाणीही आहे. पण ते पाणी कुणाचं, कुणी किती घ्यायचं, गाळ कुणी काढायचा, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. बांधकामाचे नकाशे आमच्याकडे ढीगभर झालेत. व्यवस्था कशी चालत असेल, हे मात्र कागदावरून कळत नाही. ते जिथे चालू आहे तिथेच जाऊन बघायला हवं होतं.

ओमानमध्ये ते चालू आहे. फलज म्हणजे जमिनीखालून किंवा डोंगरकडेने आणलेला पाट, आणि त्या पाटावर जगणाऱ्या गावाची सगळी मांडणीही. देशात असे सुमारे 3,000 फलज आजही वाहते आहेत. त्यांतले पाच युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशात घेतले: बिरकत अल मौझचा खत्मीन, इझकीचा मलकी, निझवाचा दारिस, रुस्ताकचा मुयस्सर आणि सूरच्या मागच्या डोंगरातला जीला. या फेरीत पहिले चार घ्यायचे. जीलासाठी वेगळे दिवस लागतील.

गाडी भाड्याची, फोर बाय फोर. दाजींनी संध्याकाळी स्टेपनी, जॅक, टो दोर, हवेचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज तपासून घेतला. माझ्याकडे लेझर अंतरमापक, टेप, स्टॉपवॉच, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, थर्मामीटर. ड्रोन आणलेला नाही, परवानगीच्या भानगडीत आठवडा गेला असता. आज भोगी, ताईने बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली होती. उद्याच्या डब्यात तिळगूळ आहे.

रविवार, 15 जानेवारी. मस्कत ते सूर

शहर संपता संपताच काळेतपकिरी डोंगर सुरू झाले. गवताचं पातं नाही. हा समुद्रतळाचा खडक आहे: साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपासचं सागरी कवच आणि त्याखालचं प्रावरण, जे इथे अरबस्तानच्या काठावर रेटलं जाऊन उघड्यावर आलं. जगात इतका मोठा आणि इतका स्वच्छ दिसणारा तुकडा दुसरीकडे क्वचितच असेल. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापेक्षा धाकटा. आज या खडकाकडे बघण्याचं कारण वेगळं होतं. पूर्वेकडे कुरियातनंतर तो मागे पडतो आणि फिकट चुनखडी पुढे येते. चुनखडी आली की झरे आणि दऱ्या येतात. पाण्याचा नकाशा हा मुळात खडकाचा नकाशा आहे.

बिम्मा इथे चुनखडीचं छत कोसळून झालेला खोल खड्डा आहे, तळाशी हिरवंनिळं पाणी. पाच मिनिटं थांबलो, फोटो घेतले, पुढे निघालो.

वादी शाब इथे बराच वेळ दिला. वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी. महामार्गाच्या पुलाखालून छोट्या होडीतून पलीकडे जायचं आणि मग दरीतून चालत. पर्यटक आतल्या डोहाकडे धावतात. मी उजव्या-डाव्या कड्यांवरचे पाट बघत राहिले. हा घैली प्रकार: वादीतलं वाहतं पाणी वरच्या अंगाला अडवून कडेच्या पाटात घालायचं आणि उंची राखत शेतापर्यंत न्यायचं. एके ठिकाणी पाट कड्याच्या खोबणीतून गेलाय, जेमतेम हातभर रुंद. जुना चुन्याचा गिलावा, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर आणखी एका दुरुस्तीचा थर. चिकटवलेल्या थरांच्या कडा बोटाला लागतात. पाण्यात बोटभर लांबीचे मासे. वाळलेलं पान सोडून वेग काढला. आकडे तक्त्यात.

घैली पाटाची अडचणही इथेच दिसते. तो पुराच्या वाटेत असतो. 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळाने या किनाऱ्याचे रस्तेच धुऊन नेले होते, पाटांचं काय झालं असेल ते उघड आहे. तरी तो पुन्हा बांधलेला आहे, तिथेच, त्याच उंचीवर. केळी आणि खजूर अजून त्याच्यावरच आहेत.

कलहात बाहेरूनच पाहिलं. बीबी मरियमची घुमट पडलेली कबर आणि भोवती दगडांचे ढीग. इब्न बतूता इथे येऊन गेला, तेव्हा हे भरभराटीचं बंदर होतं. 1508 मध्ये पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कने लुटलं, जाळलं. कबरीजवळ पाण्याचं जुनं टाकं आहे. मुक्काम सूर. दाजींनी हॉटेलच्या काउंटरवर तिळगूळ दिला. तिथला मुलगा केरळचा, त्याने लगेच पोंगलच्या शुभेच्छा दिल्या.

सोमवार, 16 जानेवारी. सूर, रास अल जिंझ, शर्किया वाळू

सकाळी सूरचा गोदीकाठ. 1951 साली इथे बांधलेलं फतह अल खैर हे मोठं गलबत आता किनाऱ्यावर जपून ठेवलंय. सागवान भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचं. रास अल जिंझला हिरव्या कासवांची माहिती देणारं केंद्र आहे. कासवं रात्रीची वर येतात, आम्हाला थांबायला वेळ नव्हता.

दुपारी बिदिया. टायरची हवा उतरवली आणि वाळूत शिरलो. हे वाळवंट साधारण 12,500 चौरस किलोमीटरचं, उत्तर-दक्षिण 180 किलोमीटर लांब. टेकड्या शंभर मीटरपर्यंत चढतात. तांबूस वाळूवर वाऱ्याच्या लाटा अशा उमटल्यात की त्यावरून चाक न्यायला जीव होत नाही.

पाण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी टिपल्या. पहिली, घाफ. वाळूच्या काठाने या झाडांचं विरळ रान आहे. हीच आपली शमी. मुळं इतकी खोल जातात की वर थेंब न पडता झाड हिरवं राहतं. उंट खालच्या फांद्या खातात, म्हणून सगळी झाडं खालून एका रेषेत कापल्यासारखी दिसतात. घाफ आहे म्हणजे खाली ओल आहे, ही खूण इथल्या माणसांना ठाऊक आहे.

दुसरी, बिदियाजवळची अल हुवय्या ओॲसिस. एका बाजूला वाळूची भिंत सरळ खजुरांच्या अंगावर आलेली आणि खजुरांच्या पायाशी पाटाचं पाणी. मधे फारसं अंतरच नाही. मी वाळूच्या चढावर उभी राहून खाली बघत होते तेव्हा एक माणूस दारं धरत होता. एका वाफ्याचं तोंड फोडलं, दुसऱ्याचं बुजवलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि पुढच्या झाडाकडे गेला. हे दृश्य मी लहानपणी आजोळी रोज बघितलंय. जमीन, झाड, भाषा सगळं वेगळं, पण फावडं टेकवून पाणी भरेपर्यंत उभं राहण्याची ढब तीच.

मंगळवार, 17 जानेवारी. इझकी आणि बिरकत अल मौझ

आजची नोंद लांब होणार, कारण ज्यासाठी आलो ते आज हाती लागलं.

आधी इझकी. फलज अल मलकी देशातल्या फार जुन्या फलजांपैकी मानला जातो. गावाच्या जुन्या भागात निझार आणि यमन अशा दोन हाऱ्या, म्हणजे वाडे म्हणा किंवा मोहल्ले, दोन वेगळ्या वंशगटांचे. दोघांच्या मातीच्या भिंती आता ढासळताहेत. दोन्ही बाजूंचं वैर ओमानच्या इतिहासात फार रक्त सांडून गेलं, पण पाणी दोघांनाही लागायचं. भिंतींच्या पडझडीत पाट मात्र स्वच्छ आहे.

दुपारी बिरकत अल मौझ. वर मोडकळीला आलेलं जुनं गाव, खाली केळी-खजुरांचा दाट पट्टा, आणि यारुबी राजघराण्याच्या काळातल्या बैत अल रुदैदा या गढीजवळून जाणारा फलज अल खत्मीन. हा दाऊदी प्रकार. डोंगरपायथ्याच्या गाळात, वादीच्या खालच्या अंगाला एक खोल विहीर खणतात. तिला फलजची आई म्हणतात. तिच्या तळातल्या पाण्याला गावाच्या दिशेने बोगदा काढायचा, बोगद्याला जमिनीच्या उतारापेक्षा कमी उतार द्यायचा, म्हणजे पुढे कुठेतरी पाणी आपोआप उघड्यावर येतं. दर थोड्या अंतरावर वरून उभी विवरं, गाळ काढायला आणि आत हवा जायला. तत्त्व आमच्या नहरीचंच. पूर्वी ही खोदाई करणारे म्हणून अवामिर जमातीचं नाव होतं.

आईच्या आसपास ठरावीक अंतरात कुणीही विहीर खणायची नाही, हा नियम फार जुना. खाली पाणी चोरलं तर वरचा न्याय काय कामाचा.

पाणी उघड्यावर येतं ती पहिली जागा पिण्यासाठी. तिथे कुणी हात-पाय धुवत नाही. मग मशिदीच्या वजूसाठी, मग पुरुषांची न्हाणी, बायकांची न्हाणी, धुणं, आणि त्यानंतर बागा. बागांतही आधी खजूर. खजुराला कायमचा हिस्सा, कारण एक झाड गेलं तर पुढची पिढी वाट बघत बसणार. अगदी शेवटी गहू, लसूणघास, भाज्या. ज्या वर्षी पाणी आटतं त्या वर्षी शेवटची शेतं पडीक ठेवतात आणि खजूर वाचवतात. दुष्काळाचं नियोजन इथे जमिनीच्या मांडणीतच बसवलेलं आहे.

खत्मीनच्या वाटणीची जागा बघितली. पाणी येतं ते तीन सारख्या पाटांत फुटतं. दगडी काठ तिथे इतके नेटके आहेत की तिन्ही तोंडांशी पाण्याची पातळी आणि वेग नजरेला तरी एकच दिसतो. मी तिन्हींत एकाच वेळी वाळकी पानं सोडली आणि तीनही पानं बरोबरीने पुढे गेली. दाजी म्हणाले, “हे तुमच्या कॉर्पोरेशनला दाखव.” दाखवणार आहे.

बागेत एका बांगलादेशी कामगाराशी हिंदीत बोलणं झालं. सोळा-सतरा वर्षं इथे आहे. मालक मस्कतला. त्याच्या मालकाचा हिस्सा किती वाजता सुरू होतो ते त्याच्या फोनमध्ये अलार्म लावून ठेवलंय. वेळ झाली तसा तो मुख्य पाटात उतरला. एक चपटा दगड, त्याला गुंडाळलेलं जुनं बनियन, कडेने दाबलेला चिखल, अशी आमच्याकडच्या बागेच्या पाटावर असते तशीच सोय. तो दगड त्याने पाटात आडवा बसवला, आपल्या चारीचं तोंड मोकळं केलं, आणि पाणी वळलं. खालच्या बागेतून एका म्हाताऱ्याने हात वर करून “झालं” असं सांगितलं. त्याचा हिस्सा संपला होता. दोघांत शब्दही झाला नाही.

हा म्हातारा नंतर आमच्याबरोबर मशिदीच्या कट्ट्यावर बसला. खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आली. दाजींची अरबी बाजारापुरती चांगली आहे, त्यामुळे विचारता आलं. हिशेबाचं एकक अथर: साधारण अर्धा तास पाणी. एका अथरचे पुन्हा चोवीस बारीक भाग. कुणाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले चार अथर, कुणाकडे अर्धा. मुलांत वाटण्या होत होत तुकडे बारीक होतात, पण वही ते सगळं पेलते. दिवसा पूर्वी एक काठी उभी करून जमिनीवरच्या खुणांवर तिची सावली मोजायचे. रात्री ठरावीक तारे समोरच्या डोंगराच्या कडेवर कधी येतात त्यावर पाळी बदलायची. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आहे. फलजचा वकील म्हणजे कारभारी, त्याच्या हाताखाली वाटणी बघणारा आरिफ, आणि वही सांभाळणारा वेगळा माणूस.

आणि मुख्य गोष्ट. काही अथर कुणा माणसाचे नसतात, खुद्द फलजचे असतात. त्या पाण्याचा ठरावीक दिवशी लिलाव होतो. ज्याला जास्तीचं पाणी हवं तो बोली लावतो. येणारा पैसा गाळ काढायला, छत कोसळलं तर बांधायला, कारभाऱ्याच्या मानधनाला. म्हणजे दुरुस्तीची तिजोरी पाण्यातूनच भरते, दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मी हे तीनदा विचारून खात्री केली, कारण आमच्या सगळ्या आराखड्यांत “देखभाल” या रकान्यासमोर फक्त “अनुदान” असा शब्द आहे.

खानदेशातल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटकरी असायचा, पाळ्या असायच्या, फडातलं पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं असायचं. तीही लोकांनी चालवलेली रीत. म्हणजे ही अक्कल आपल्याकडे होतीच. नहरीला तशी वही मिळाली नाही किंवा मिळाली ती हरवली, आणि मला वाटतं नहर तिथे मेली. बोगदा नंतर बुजला.

बुधवार, 18 जानेवारी. जबल अखदर

बिरकत अल मौझवरून चढायला लागलं की खालीच पोलिसांची चौकी आहे. फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत. उतरताना पहिल्या गिअरमध्ये ठेवायची सक्त सूचना, आणि घाट बघितल्यावर ती पटते. सैक पठार सुमारे 2,000 मीटरवर. खाली बनियनवर होतो, वर स्वेटर.

इथे वर्षाला साधारण 300 मिलिमीटर पाऊस पडतो. मस्कतला 100 च्या आसपास. औरंगाबादला सातशेच्या घरात. हे तीन आकडे मी आजच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेत. त्यांच्या या ओल्या डोंगरावरही आपल्या निम्म्याहून कमी पाऊस, आणि त्यावर पायथ्याची गावं शतकानुशतकं जगली.

वर पडलेलं पाणी चुनखडीच्या भेगांतून आत जातं आणि पायथ्याशी गाळात साठतं. काल ज्या पाटात पानं सोडली त्याचं मूळ हेच. म्हणून दोन्ही जागा एकामागोमाग बघायला हव्यात.

अल ऐन, अल अकर, शिरैजा ही गावं दरीच्या अगदी ओठावर. पायऱ्यापायऱ्यांची शेतं खाली खाली उतरत गेलीत. गुलाब मार्च-अखेरीपासून फुलतात, तेव्हा इथे गुलाबपाण्याच्या भट्ट्या लागतात. आता जानेवारीत डाळिंब निष्पर्ण, अक्रोडाच्या नुसत्या फांद्या, वाफ्यांत लसूण. झऱ्याचं पाणी बेताचं असल्यामुळे ते सरळ शेतात सोडत नाहीत. आधी टाक्यात साठवतात आणि टाकं भरलं की एकदम सोडतात, म्हणजे धार शेवटच्या पायरीपर्यंत पोचते. टाक्याच्या तळाशी बुचासारखं लाकूड, त्याला कापड. मोजमापं आणि रेखाटन स्वतंत्र पानावर.

काही पायऱ्या पडीक दिसल्या. कडा ढासळल्या की खालच्या तीन-चार पायऱ्याही जातात. वर मोठी हॉटेलं झालीत, रस्ता झालाय, मुलं मस्कतला गेलीत. मोकळ्या पडलेल्या वाफ्यांकडे बघून वाईट वाटलं, अगदी मनापासून. हे एकदा गेलं की पुन्हा कुणी बांधणार नाही.

गुरुवार, 19 जानेवारी. जबरीन, बहला, निझवा

बहलाची तटबंदी सुमारे 12 किलोमीटर. आत आख्खं ओॲसिस सामावलंय. किल्ला 1987 पासून जागतिक वारशात आहे. बाहेरून एक फेरी मारली.

जबरीन मात्र खोलीखोलीने पाहिलं. इमाम, म्हणजे इथला त्या काळचा राज्यकर्ता, बिलअरब बिन सुलतानने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा वाडा. छतांवरची रंगीत वेलबुट्टी बघताना मान अवघडली. याच्या भावाने, सैफ बिन सुलतानने, सतरा फलज बांधले किंवा दुरुस्त केले आणि हजारो खजूर लावले असं ओमानी इतिहास सांगतो. हा काळ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. नासिर बिन मुर्शिद 1624 मध्ये इमाम झाला आणि यारुबी राजवट सुरू झाली. मलिक अंबर वारला 1626 मध्ये. 1650 मध्ये यारुबींनी पोर्तुगिजांकडून मस्कत घेतलं. मग त्यांची गलबतं आपल्या किनाऱ्यावर येऊ लागली: 1668 मध्ये दीव, 1674 मध्ये वसई. म्हणजे नहर आणि यारुबींचं हे फलजांचं काम साधारण एकाच शतकातलं. एकीकडे सत्ता दोन-तीनदा बदलली आणि शहराचं पाणी सरकारी होत गेलं. दुसरीकडे इमाम बदलले, घराणं बुडालं, पण फलज गावाचाच राहिला. सरकारने बांधून दिलेला असो की दुरुस्त केलेला, वही गावात होती.

संध्याकाळी निझवा, फलज दारिस. हा देशातला सगळ्यांत मोठा मानतात आणि त्याच्याकाठी आता बागच केलीय. शाळा सुटलेली मुलं कपड्यांसकट पाण्यात. आजवर पाहिलेल्यांत प्रवाह सर्वांत जोरकस, स्टॉपवॉचवर तीनदा मोजला. कडेच्या पायऱ्यांवर बायका गप्पा मारत बसलेल्या. जागतिक वारसा म्हणून दोर लावून लोकांना लांब ठेवलेलं नाही, हे मला सर्वांत आवडलं. लोक पाण्यात पाय सोडून बसतात, म्हणून त्यांना त्याची काळजीही वाटते.

शुक्रवार, 20 जानेवारी. निझवाचा बाजार, मिस्फात अल अब्रियीन

पहाटे बकरीबाजार. किल्ल्याच्या जवळ एक गोल कट्टा, भोवती दोन रांगा खरेदीदारांच्या, मधून विकणारे आपापलं जनावर दोरीने ओढत फिरतात आणि भाव पुकारतात. कुणी हात लावून बकऱ्याचं पोट चाचपतो, कुणी दात बघतो. बुरखा घातलेल्या बेदुइन बायका स्वतः भाव करत होत्या आणि माघार घेत नव्हत्या. इथला लिलाव बघितल्यावर मंगळवारी ऐकलेला पाण्याचा लिलाव कसा चालत असेल ते डोळ्यांपुढे आलं. बोली, कुजबुज, वहीत नोंद.

किल्ल्याचा प्रचंड गोल बुरूज बांधायला बारा वर्षं लागली. वरून बघितलं तर खजुरांचा हिरवा पट्टा जिथे संपतो तिथेच पाणी संपतं, हे एका नजरेत कळतं.

दुपारी अल हमराच्या मातीच्या घरांवरून मिस्फातला चढलो. गाव अवाढव्य शिळांवर उभं आहे, घरं शिळांतूनच उगवल्यासारखी. पाट गल्लीच्या कडेने वाहतो. त्याच्या काठावरून चालायची वाट, एका वेळी एकच माणूस. खाली पायऱ्यांवर केळी, पपई, लिंबू, खजूर. गावाच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी पाटी आहे, अंगभर कपडे घाला म्हणून. ते पाळणारे आणि न पाळणारे दोन्ही दिसले.

एका वळणावर मोठं टाकं आहे, पोरं त्यात उड्या मारत होती. टाक्याखाली पाट दोन फाट्यांत जातो. तिथे पाटाच्या काठावरच्या दगडात वाटीएवढे खळगे पडलेत, गुडघे टेकून पाणी भरणाऱ्यांनी ते झिजवले असावेत. लेझरने मोजत होते तर एक मुलगा जवळ आला, यंत्र हातात घेऊन समोरच्या शिळेवर लाल ठिपका पाडला आणि आकडा मोठ्याने अरबीत वाचला. मग त्याने मला पाटातला गाळ काढायची लोखंडी फळी आणून दाखवली. त्यांच्या घराची पाळी पुढच्या आठवड्यात आहे, असं दाजींनी विचारल्यावर कळलं.

शनिवार, 21 जानेवारी. वादी बनी औफ, रुस्ताक, मस्कत

शरफत अल अलमैनवरून उत्तरेला उतरणारा रस्ता कच्चा आणि अरुंद. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं. दाजी सकाळपासून गप्प होते, खाली पोचल्यावर बोलले. मधे बिलाद सैत, डोंगरांच्या वाटीत लपलेलं गाव, पायथ्याला हिरवे वाफे. वरून फोटो घेतले. उतरायला वेळ नव्हता.

रुस्ताक. यारुबींची पहिली राजधानी. ऐन अल कसफाच्या झऱ्याचं पाणी 45 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, हात फार वेळ ठेवता येत नाही. तेही पुढे पाटांतून बागांनाच जातं, वाटेत निवतं.

फलज अल मुयस्सर दाऊदी. विवरांच्या तोंडांभोवती गोल कठडे बांधलेत, म्हणजे पुराचं गढूळ पाणी आणि दगड आत पडत नाहीत. आमच्या नहरीच्या मॅनहोलांवर टपऱ्या आहेत, एकावर चक्क मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. कठड्यांची उंची, व्यास, दगडकाम सगळं टिपलं.

एक गोष्ट या फेरीत बघायचीच होती, ती म्हणजे वादी ओलांडण्याची युक्ती. फलज वाटेत वादी आली तर पुरात वाहून जाईल. म्हणून पाणी अलीकडच्या काठावर विहिरीसारख्या हौदात खाली सोडतात, वादीच्या तळाखालून बंद नळाने पलीकडे नेतात, आणि पलीकडच्या हौदात ते आपल्या दाबाने वर चढतं. औरंगाबादला पाणचक्कीपर्यंत पाणी आणताना हीच दाबाची करामत वापरली आहे. इथे ती आजही वाहत्या पाण्यासह बघता आली.

इथल्या कामगारांनी आणखी एक सांगितलं, आणि ते निझवालाही ऐकलं होतं. 1970 नंतर डिझेलचे, मग विजेचे पंप आले. फलजच्या कक्षेबाहेर विहिरी झाल्या, पाण्याची पातळी उतरली, काही फलज कोरडे पडले. म्हणजे वही, लिलाव, वकील असं सगळं शाबूत असूनही पंपापुढे व्यवस्था हरू शकते. आमच्याकडे हर्सूल-सावंगी भागात बोअरवेलची रांग लागलीय. नहरीच्या दुरुस्तीचा आराखडा करताना वरच्या अंगाला नव्या बोअरला मनाई हा मुद्दा आधी यायला हवा, दगडकाम नंतर.

रविवार, 22 जानेवारी. रुवी

दिवसभर तक्ते भरले. प्रवाहाची मोजमापं, पाटांचे छेद, खत्मीनच्या तीन तोंडांचं रेखाटन, टाक्याच्या बुचाचं रेखाटन, कठड्यांची यादी, फोटोंना क्रमांक. रात्रीच्या विमानाआधी ताईला सगळं दाखवलं, तिने खत्मीनच्या पानावर बराच वेळ बोट ठेवलं.

औरंगाबादला गेल्यावर लगेच करायची कामं अशी. नहरीचं पाणी आजही कोणकोणती घरं, मशिदी, दर्गे, बागा वापरतात त्यांची माणसानिशी यादी. आतापर्यंत आम्ही मॅनहोलं मोजली, माणसं मोजली नाहीत. जिथे पाणी अजून वाहतं असा एकच छोटा तुकडा निवडून, तिथल्या लोकांबरोबर पाळ्यांची वही सुरू करणं. पाण्याचा थोडा हिस्सा नहरीच्या नावाने ठेवून त्यातून गाळकाढणीचा खर्च भागतो का, हे एक उन्हाळा करून बघणं. महापालिकेला द्यायच्या टिपणात पहिलं पान बोअरवेलचं, दुसरं वाटणीचं, आणि दगडकामाचा अंदाज परिशिष्टात.

यादीसाठी पहिली फेरी पुढच्या रविवारी, सकाळी सात वाजता, पाणचक्कीच्या फाटकापाशी. नमुना फॉर्म आज रात्री पाठवते. उर्दू वाचणारं किमान एक माणूस बरोबर हवं.